काकू, 'डोख' म्हणजे नक्की काय?

या वेळी पत्रं बरीच आली आणि निम्म्याहून जास्त नर्सिंगच्या मुलींची आहेत. आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या माडीवर संध्याकाळी जर्मनचा वर्ग भरतो, त्यातही चौदांपैकी नऊ त्याच. बाकीचे उद्यमबागेतल्या फाउंड्र्यांतले, आणि एक निवृत्त मास्तर, ज्यांचा नातू जर्मनीतच जन्मला. खाली मागाची खटखट, वर आमचं 'इश बिन, डू बिस्ट'. नवऱ्याच्या नोकरीपायी मी श्टुटगार्टजवळच्या एका गावात नऊ वर्षं काढली. तिथल्या फोल्क्सहोखशूलेत, म्हणजे मोठ्या माणसांच्या संध्याकाळच्या शाळेत, जर्मन गिरवली. पण खरी शिकले ती भाजीवाल्याकडे आणि शेजारणीकडे. त्यामुळे उत्तरं त्याच चवीची असणार.

उच्चार देवनागरीत बसतील तसे लिहिलेत. 'क्योनन'मध्ये ओठ 'ओ'चे ठेवा आणि जीभ 'ए'ची.

'केनन' आणि 'विसन' दोन्हींपुढे डिक्शनरीत 'नो' असंच लिहिलंय. शिवाय 'आय नो जर्मन' म्हणायला तिसराच 'क्योनन' वापरतात. कुठला कधी, ते कसं ओळखायचं? (नर्सिंगची विद्यार्थिनी, खानापूर)

डिक्शनरीचं काही चुकलेलं नाही, तू दार चुकलीस. इंग्रजीकडे एकच 'नो' आहे, म्हणून तिथून आत शिरलं की गोंधळ. घरच्या दारानं ये. शेजारच्या वहिनींना मी ओळखते, तो केनन. गोव्याची गाडी किती वाजता सुटते ते मला माहीत आहे, तो विसन. मला पोहता येतं, तो क्योनन. म्हणून 'इश कान डॉइच', मला जर्मन येतं. कन्नडातसुद्धा 'ननगे कन्नड बरुत्तदे', म्हणजे भाषा 'येते'च. खानापूरच्या मुलीला हा फरक दोन भाषांत आईच्या मांडीवरच मिळालेला आहे आणि ती तिसरीतून शोधत बसलीय!

एक खाच मात्र आहे. 'मी बेळगाव ओळखते' असं आपण म्हणत नाही, जर्मन माणूस म्हणतो. गाव, पुस्तक, पदार्थ, ज्याच्याशी आपली भेट झालेली असते ते सगळं केनन. 'केन्स्ट डू कुंदा?' म्हणजे कुंदा ठाऊक आहे का, कधी चाखलायस का. विसनच्या मागे बहुधा अख्खी गोष्ट येते : कुठे, कधी, का, अमुक झालं की नाही.

एकवीसला 'एक आणि वीस' असं उलटं का म्हणतात? कुणी नंबर सांगितला की माझा लिहिताना हमखास चुकतो. (निपाणी)

उलटं कुणाला? 'एकवीस' जरा सावकाश म्हणा. आधी एक, मग वीस. सत्तावन्न म्हणजे आधी सात, मग पन्नास. जर्मन 'झीबन-उंट-फ्युन्फ्त्सिश' तेच, फक्त मध्ये 'आणि' आहे. तुमच्या कानाला उलटं वाटतं कारण शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि बाजारात कन्नड 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आधी आणि एक नंतर. निपाणीच्या बाजारात दिवसभर दोन्ही चालीचे आकडे ऐकत तुम्ही हिशेब करता आणि चुकत नाही. तो कान इकडे आणा.

उलट आपलंच जास्त अवघड आहे. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, असली वाकडी वाट जर्मनमध्ये नाही. तिथे सरळ 'नऊ आणि वीस'.

हा वाद तिकडेही आहे बरं. बोखुमच्या एका गणिताच्या प्राध्यापकाच्या पुढाकारानं 2004 साली एक संस्थाच निघाली, नाव 'त्स्वान्त्सिश-आइन्स', म्हणजे 'वीस-एक'. दशक आधी म्हणायची मुभा द्या एवढीच त्यांची मागणी. नॉर्वेनं 1951 साली अधिकृतपणे तसं करूनही टाकलं. आणि 2019 मध्ये आपल्या शेजारी महाराष्ट्रात दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, आठवतंय ना? मी 'एकवीस'वाली. पण ते माझ्या वयाचं मत आहे, त्यात गणित नाही.

लिहिताना : दोन अंकी आकडा पूर्ण कानावर पडेपर्यंत पेन टेकवू नका. 'सात...' ऐकून सात लिहिला की गेलंच. आणि फोनवर 'त्स्वाय' (दोन) व 'द्राय' (तीन) सारखेच ऐकू येतात म्हणून बरेच जण दोनला 'त्स्वो' म्हणतात. घाबरू नका, तो नवा आकडा नव्हे.

'हाल्प द्राय' म्हणजे साडेतीन ना? सर म्हणाले अडीच. कसं काय? (टिळकवाडी, बेळगाव)

सर बरोबर आहेत, आणि तुमच्यासारखीच मीही आपटलेय. पहिल्याच वर्षी दातांच्या डॉक्टरकडे 'हाल्प द्राय'ची वेळ मिळाली. हाल्प म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन, म्हणून मी साडेतीनला ऐटीत हजर. तिथली बाई घड्याळाकडे बघते, मी तिच्याकडे बघतेय. माझी वेळ तासापूर्वी गेलेली. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली आणि तोवर दाढ होती नि मी होते.

घरी येऊन चडफडत बसले तेव्हा सासऱ्यांचं एक पत्र आलेलं होतं. ते संस्कृतचे शिक्षक. त्यांना उत्तर लिहिताना मी हे रडगाणं गायलं, तर त्यांचं उलट पत्र आलं : 'अगं, अडीच म्हणजे तरी काय? अर्धतृतीय. दोन पुरे झाले, तिसरा अर्धा. तुझे जर्मन लोक तेच म्हणतात.' मी पत्र हातात धरून कितीतरी वेळ बसले. अडीच हा शब्द जन्मभर वापरला, पण त्याच्या पोटात 'तीन' बसलाय हे कधी दिसलं नव्हतं. 'हाल्प द्राय' म्हणजे अक्षरशः तेच, तिसऱ्याचा अर्धा. दीडचीही तीच कथा : तो 'द्व्यर्ध'वरून आला, म्हणजे दुसरा अर्धा, आणि जर्मनमध्ये दीडला आजही 'आन्डरटहाल्प' म्हणतात. त्यातला 'आन्डर' म्हणजे जुन्या भाषेतला 'दुसरा'. अडीचला 'द्रिटहाल्प' असाही शब्द होता, तो आता गेला.

म्हणून नियम असा : 'हाल्प' ऐकलं की 'साडे' म्हणू नका, पुढच्या आकड्यातला अर्धा काढून टाका. हाल्प फिअर (चार) म्हणजे साडेतीन. दक्षिणेत आणि पूर्वेकडे आणखी एक ऐकाल, 'द्रायफिर्टल फिअर'. चौथ्याचा पाऊण भाग झाला, म्हणजे आपले पावणेचार. 'फिर्टल फिअर' मात्र सव्वातीन. सव्वाचार समजून गेलात तर माझ्या दाढेची आठवण काढा.

'डेर, डी, डास' (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी) पाठ होत नाहीत. आणि 'मेडशेन' म्हणजे मुलगी, ती नपुंसकलिंगी कशी? (कॉलेज विद्यार्थी, गोवावेस)

'पोरगं रडतंय' म्हणतोस तेव्हा ते पोरगं कोण असतं? 'शेन' हा लाडाचा, लहानपणाचा प्रत्यय आहे. तो लागला की शब्द 'डास', अपवाद नाही. तीन लिंगांची सवय तुला आहे, इंग्रजीवाल्याला नाही, त्यामुळे तू अर्धी लढाई जिंकून आलायस. पण आपली लिंगं तिकडे नेऊ नकोस. आपला सूर्य पुरुष, त्यांची 'झोने' बाई.

जोडशब्दांत मात्र आपलाच नियम चालतो, शेवटच्या शब्दाचं लिंग. देवघर 'ते', कारण घर 'ते'. क्रांकनहाउस (आजाऱ्यांचं घर, म्हणजे दवाखाना) 'डास', कारण हाउस 'डास'. असे शब्द फोडून बघायला मजा येते. हातमोज्याला ते 'हांटशू' म्हणतात, हाताचा बूट. आपण मोजा घातला, त्यांनी बूट. अंगुस्तान म्हणजे 'फिंगरहूट', बोटाची टोपी.

पेशंटला कुठे, कसं दुखतंय ते विचारायला कोणते शब्द लागतील? पुस्तकात फक्त 'श्मेर्त्सन' आहे. (चिकोडी, जर्मनच्या बी-2 परीक्षेची तयारी करतेय)

या प्रश्नावर मी अख्खा अंक लिहीन. तिकडे पेशंटला विचारतात, शून्य ते दहांत किती दुखतंय आणि कसं दुखतंय. 'किती' सोपं आहे. 'कसं'ला शब्द पाहिजेत, आणि दुखण्याच्या शब्दांत मराठी श्रीमंत आहे. आधी मराठीत यादी कर, मग जोड्या लाव.

ठणकतंय : पोखन्ट. नाडीसारखं ठक ठक, गळवात किंवा दाढेत होतं तसं. टोचतंय : श्टेशन्ट. एकदम चमक निघते ती आइनशीसन्ट, गोळी सुटल्यासारखी. आग होतेय : ब्रेनन्ट. ओढ लागल्यासारखं : त्सीअन्ट. पोटात कळा येतायत, थांबतायत, परत येतायत : क्राम्फआर्टिश. आतल्या आत दुखतंय पण बोट ठेवून दाखवता येत नाही : डुम्फ. हा शेवटचा म्हाताऱ्या पेशंटांकडून फार ऐकशील.

पायाला मुंग्या येतात ना? त्यांच्याकडेही येतात. 'आमाइझनलाउफन', मुंग्यांचं चालणं. आणि शेतात दिवसभर राबून अंग आंबतं त्याला 'मुस्कलकाटर'. काटर म्हणजे बोका! पण असं म्हणतात की बोक्याचा इथे संबंध नाही, तो सर्दीच्या 'काटार'चा अपभ्रंश.

'श्टूल' म्हणजे खुर्ची हे तू पहिल्या धड्यात शिकलीस. वॉर्डात 'हाटन झी हॉइटे श्टूलगांग?' असं कुणी विचारलं तर खुर्ची आणायला धावू नकोस. आज शौचाला झाली का, एवढंच विचारायचंय.

आणि आता खरी महत्त्वाची गोष्ट : 'मीर'. मला थंडी वाजते, 'मीर इस्ट काल्ट'. मला मळमळतंय, 'मीर इस्ट श्लेश्ट'. मला कंटाळा आलाय, 'मीर इस्ट लांगवाइलिश'. बघ, 'मला'ला 'मीर' लावलं की झालं. इंग्रजीचा 'आय ॲम' धरून 'इश बिन' केलंस तर पेशंट 'मी वाईट माणूस आहे' आणि 'मी कंटाळवाणी आहे' असं बोलू लागेल. पहिल्या उन्हाळ्यात मी शेजारणीला 'इश बिन हाइस' म्हणाले, उकडतंय म्हणून. ती हसून खाली बसली. त्याचा अर्थ या मासिकात छापण्यासारखा नाही.

भुकेला मात्र हे चालत नाही. 'मला भूक लागली' तिथे 'इश हाबे हुंगर', म्हणजे माझ्याकडे भूक आहे. थंडी 'मला', भूक 'माझ्याकडे'. का, ते मला विचारू नकोस.

तिकडे नर्सला 'क्रांकनश्वेस्टर' म्हणायचं की आणखी काही? आणि पेशंटला 'डू' (तू) की 'झी' (तुम्ही)? (नर्सिंग, बेळगाव)

क्रांकनश्वेस्टर म्हणजे आजाऱ्यांची बहीण. आपणही 'सिस्टर' म्हणतोच. पेशंट अजून 'श्वेस्टर' अशी हाक मारतात. कागदावर मात्र 2020 पासूनच्या नव्या कायद्यात पदवीचं नाव 'फ्लेगेफाखफ्राउ' आहे, पुरुष असेल तर 'फ्लेगेफाखमान'.

पेशंटला नेहमी 'झी'. आपल्याकडे वॉर्डात आजी, मावशी, अण्णा म्हटलं की माणूस निवळतो. तिकडे ऐंशीच्या बाईंना 'ओमा' (आजी) म्हणालात तर त्या दुखावतील. आडनावच घ्यायचं, आधी 'फ्राउ' लावून. 'जेवलात का?' हेही सांभाळून. आपलं 'जेवण झालं?' आणि 'ऊटा आयता?' म्हणजे नमस्कारच की. तिथे विचाराल तर पेशंट काय खाल्लं त्याचा हिशेब देईल. बापाला मात्र बिनदिक्कत 'डू'. माझ्या वडलांना मी शेवटपर्यंत 'तुम्ही' म्हणाले, तिकडे देवालासुद्धा 'डू' आहे. आपल्याकडेही देवाला 'तू'च, पण वडलांना नाही!

आत्या, मावशी, मामी, काकू, सगळ्यांना एकच 'टांटे'? (निवृत्त शिक्षक, संकेश्वर)

आज हो, सर. 'ओंकल' आणि 'टांटे' हे फ्रेंचांकडून आले आणि घरचे गिळून बसले. पूर्वी मामाला 'ओहाइम', मावशीला 'मूमे', काकाला 'फेटर' आणि आत्याला 'बाझे' होतं. आता फेटर म्हणजे चुलत-आते-मामे कुठलाही भाऊ. दीर, मेहुणा दोघंही 'श्वागर'. पण साडूसाठी वेगळा शब्द आहे, 'श्विपश्वागर', ऐकताच पाय घसरल्यासारखा. 'भावंडं' मात्र त्यांच्याकडे चोख आहे : 'गेश्विस्टर'. शब्दात 'श्वेस्टर', म्हणजे बहीण दडलीय, आणि भाऊ तिच्या पोटात मावला.

उद्यमबागेतून : ड्रॉइंगवर नटला 'मुटर' लिहिलंय. मुटर म्हणजे आई ना?

दोन्ही. एक आई, अनेक आया 'म्यूटर'. एक नट, अनेक नट 'मुटर्न'. अनेकवचनावरून ओळखा. तुमच्या कामाचे आणखी थोडे : बीड (ओतीव लोखंड) म्हणजे 'गुसआइझन', फाउंड्री 'गीसराय', दोन्ही 'गीसन' म्हणजे ओतण्यापासून. आषाढात खानापूरकडे ओतल्यासारखा पाऊस पडतो ना, तोही 'एस गीस्ट'. पॅटर्न म्हणजे 'मोडेल'. कोअरला 'केर्न', आंब्याच्या कोयीलाही तेच. रिजेक्ट मालाला 'आउसशुस'. कमिटीलाही आउसशुसच म्हणतात. नवरा हे वाचून खूश होता.

'गिफ्ट' म्हणजे विष हे खरं? (अनगोळ)

खरं. मूळ अर्थ 'देणं'च होता, मग डोस, मग विष. जुना अर्थ एका शब्दात उरलाय : 'मिटगिफ्ट', म्हणजे हुंडा. मी काही बोलत नाही. याच जातीचे आणखी : 'बेकोमन' म्हणजे मिळणं, 'बिकम' नव्हे. 'वेर' म्हणजे कोण आणि 'वो' म्हणजे कुठे. इंग्रजी कानाला हे दोन बरोब्बर आलटून-पालटून ऐकू येतात.

जर्मन संस्कृतातून निघाली का? (हिंडलगा)

नाही. विधवा आणि 'विट्वे', दुहिता आणि 'टोख्टर', नव आणि 'नॉय' ही चुलत भावंडं आहेत, आई-मुलगी नव्हेत. आजी एकच, फार जुनी.

काकू, 'डोख' म्हणजे नक्की काय? दर वाक्यात घालतात आणि डिक्शनरीत आठ अर्थ आहेत. (येळ्ळूर)

येळ्ळूरच्या मुलीनं हे विचारावं? 'की'. आपला बेळगावी 'की'.

'तू जेवली नाहीस?' 'जेवलो की!' (हो, आमच्या गल्लीत बायकाही 'जेवलो'च म्हणतात, पुण्याच्या सुनेनं कितीही नाक मुरडलं तरी.) समोरचा 'नाही' धरून बसलाय आणि तुला ते खोडायचंय. अशा वेळी 'या', म्हणजे 'हो', म्हटलंस तर ऐकणारा बुचकळ्यात पडतो. एकच शब्द लागतो : 'डोख!' गोळी घेतली नाही का? डोख. घेतली की.

दुसरी जागा, आग्रहाची. 'ये की', 'बस की', 'घे की थोडं'. 'कोम डोख', 'निम डोख'. की काढून नुसतं 'ये' म्हटलं तर हुकूम होतो, तिथेही तसंच. सोबत 'माल' लागला तर आपलं 'जरा' : 'कोम डोख माल', जरा ये की.

तिसरी, समोरच्याला आठवण करून द्यायची. 'तुला सांगितलं होतं की!' 'डास हाब इश डिअर डोख गेझाक्ट!' सूरसुद्धा तोच, थोडा वर चढलेला. मी हे शेजारणीच्या तोंडून मुलावर ओरडताना पहिल्यांदा ऐकलं आणि अर्थ कळायच्या आधीच कळलं.

फक्त एक जागा सोड. 'मला माहीत आहे की तो येणार आहे' यातला 'की' डोख नव्हे, तिथे 'दास', आणि त्याच्यामागे क्रियापद वाक्याच्या शेवटी. तेही आपल्यासारखंच. पण त्यावर पुढच्या महिन्यात, आज पानं संपली.